पावसाळ्यात गाडी उभ्या जागी थरथरते, मिसिंग मारते: कारण घरच्या घरी कसं शोधायचं

तक्रार साधारण अशी असते. गाडी चालताना ठीक चालते, पण रेस सोडून उभी केली की स्टीअरिंग थरथरतं, आरशातलं चित्र हलतं, आरपीएमचा काटा सातशेवरून पाचशेवर येतो आणि दचकून पुन्हा वर जातो. एसी लावला तर बंदच पडते. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या रांगेत, नाहीतर घाटात एका बाजूची वाहतूक सोडेपर्यंत थांबावं लागतं तेव्हा हे नेमकं जाणवतं. गॅरेजमध्ये प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे) बदलून मिळतात, आठ-पंधरा दिवस गाडी सुतासारखी सरळ चालते, आणि एका जोराच्या सरीनंतर पुन्हा तेच.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा प्लगमध्ये नसतं. प्लग ओला झाला म्हणून गाडी मिसिंग मारते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाही, हे खरं, पण तो ओला कशाने झाला हे कोणी बघत नाही. समुद्रकाठच्या गाड्यांना छळणाऱ्या गोष्टी घाटावरच्यांपेक्षा थोड्या वेगळ्या आहेत: पाणी, खारी हवा, उंदीर आणि महिनोन्‌महिने मांडवाखाली उभी राहिलेली गाडी. सगळीकडच्या सल्ल्यांची सुरुवात थ्रॉटल बॉडीच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या, कार्बनपासून होते. मी इथे पाण्यापासून सुरू करणार आहे. पुढचं सगळं पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेलचा मामला वेगळा.

पाना हातात घेण्याआधी

गाडी बंद शेडमध्ये चालू ठेवू नका. धूर साठला तर माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. अंगणात, उघड्यावर काढा. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातला टॉवेल बेल्टपासून लांब ठेवा.

आता गाडी गरम होऊ द्या आणि एसी, दिवे, ब्लोअर बंद करून काटा बघा. बहुतेक छोट्या गाड्या गरम असताना ६५० ते ८५० आरपीएमच्या दरम्यान स्थिर राहतात. सकाळी थंड इंजिनवर तो हजार-बाराशेच्या वर असतो आणि हळूहळू खाली येतो, तो दोष नव्हे.

काटा स्थिर आहे पण गाडी थरथरते, तर इंजिन बरं असून त्याचं फाउंडेशन, म्हणजे माउंटिंगचं रबर, गेलेलं असण्याची शक्यता मोठी. ऑटोमॅटिक गाडी डी किंवा रिव्हर्सला टाकून ब्रेकवर उभं राहिल्यावर थरथर वाढली, तर संशय आणखी पक्का. एक लक्षात ठेवा: अल्टो के१०, सेलेरिओ, टियागो, २०२४ची नवी स्विफ्ट या तीन सिलिंडरच्या गाड्या आहेत. त्या जरा थरथरणारच. चार सिलिंडरची जुनी गाडी विकून तीनची घेतलेले कितीतरी लोक पहिल्याच आठवड्यात उगाच गॅरेज गाठतात.

काटा वरखाली झुलत असेल, म्हणजे सावकाश चढतो, सावकाश उतरतो, तर हवेची गळती किंवा आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, हवा सोडणारी यंत्रणा बघायची. आणि काटा ठरावीक ठेक्यात दचकत असेल, सायलेन्सरमधून फट्… फट्… असा आवाज एका लयीत येत असेल, तर एखादा सिलिंडर जळतच नाही. सायलेन्सरच्या तोंडापाशी कागदाची पट्टी धरा. नीट चाललेल्या इंजिनवर ती एकसारखी बाहेर फडफडते. एक सिलिंडर मेला असेल तर मध्येच ठोका चुकतो.

इंजिनचा पिवळा दिवा नुसता लागलेला असेल तर सावकाश घरी जाता येतं. तो लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं. मग हजाराच्या कामाचं बिल दहा-वीस पटींवर जातं.

आणि एका वहीत टिपून ठेवा: थरथर थंड असताना की गरम असताना? पाऊस पडून गेल्यावर की कोरड्यातही? पेट्रोल भरल्यावर लगेच? फक्त एसीवर? फक्त सीएनजीवर? हे पाच प्रश्न निम्मं काम करून देतात. मेकॅनिकलाही याच गोष्टी हव्या असतात, पण आपण सांगतो "गाडी बरोबर नाय चालत" एवढंच.

स्कॅनर: असेल तर उत्तम

साधारण २०१३नंतरच्या पेट्रोल गाड्यांना स्टीअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने नोंदलेले दोष वाचायचं, सॉकेट असतं. मोबाइलला ब्लूटूथवर जोडला जाणारा छोटा स्कॅनर काहीशे रुपयांत मिळतो. पी०३०१ ते पी०३०४ हे कोड दिसले तर शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर. पी०३०० म्हणजे मिसिंग आहे, पण ते एकाच सिलिंडरला चिकटून नाही: तिथे प्लगपेक्षा हवा, पेट्रोल किंवा अर्थिंगकडे (बॅटरीच्या निगेटिव्हची बॉडी-इंजिनशी असलेली जोडणी) आधी बघावं. पी०५०६ आयडल कमी, पी०५०७ आयडल जास्त, पी०१७१ मिश्रणात पेट्रोल कमी.

कोड पुसण्याआधी फोटो काढा. पुसलेला कोड परत यायला कधी दिवस लागतात, आणि तोवर आपण अंधारात.

कोडपेक्षाही मला उपयोगी वाटतात ते चालू आकडे. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची नुसती चावी फिरवा आणि कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान बघा. जूनमध्ये मालवण-देवगडला सकाळी ते २६-२८च्या आसपास दिसायला हवं, आत येणाऱ्या हवेचं तापमानही जवळपास तेवढंच. कूलंट उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरची वायर तुटली आहे किंवा कपलर (वायरीचा प्लॅस्टिकचा जोड) सुटला आहे, आणि इंजिनला वाटतंय की आपण हिमालयात आहोत. ते भसाभस पेट्रोल ओतणारच.

तसंच मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा. इंजिन बंद, चावी चालू अशा अवस्थेत तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. किनाऱ्यावर हा आकडा १०० किलोपास्कलच्या आसपास हवा. आंबोली चढून गेलात तर ९३-९४ होतो, तेही बरोबरच. पण गणपतीपुळ्याच्या वाळूवर उभं राहून तो ९० दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय. इंजिन गरम, आयडलवर, एसी बंद: साधारण ३० ते ४०. याहून बराच वर असेल तर हवा कुठून तरी घुसतेय किंवा इंजिनची ताकदच कमी झाली आहे.

स्कॅनर नसला तरी अडत नाही. पुढचं सगळं त्याच्याशिवाय करता येतं.

पाणी

थरथर पाऊस पडून गेल्यावरच सुरू होत असेल तर बॉनेट उघडा आणि काचेच्या खाली, वायपर जिथे बसवलेत ती काळी प्लास्टिकची जाळी बघा. काचेवरचं सगळं पाणी त्या जाळीतून खालच्या पन्हळीत जातं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकाच्या मागे जमिनीवर पडतं. आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांच्या पन्हळीत काय असतं ते एकदा हात घालून पाहा. माघ-फाल्गुनात गळालेला मोहोर, फणसाची पानं, सुपारीची फुलं. उन्हाळाभर ते कोरडं असतं म्हणून काही होत नाही. मृगाच्या पहिल्या सरीत त्याचा लगदा होतो, भोकं बुजतात, पन्हळ भरते आणि पाणी पुढच्या काठावरून थेट इंजिनवर सांडतं. बऱ्याच गाड्यांत इंजिनचा मागचा भाग बरोबर त्या काठाखाली येतो.

तपासायला एक तांब्या पुरतो. इंजिन बंद आणि थंड असताना काचेच्या मधोमध पाणी सोडा आणि दुसऱ्या कोणाला तरी चाकांच्या मागे बघायला सांगा. दोन्ही बाजूंनी धार यायला हवी. एकाच बाजूने आली किंवा बॉनेटखाली थेंब पडले, तर तुमच्या मिसिंगचं मूळ सापडलं. जाळी काढून लगदा हाताने उपसा, भोकांत जाड वायर किंवा माडाचा हीर घालून मोकळी करा. वायपरची आर्म काढायची असेल तर त्या कुठल्या जागी होत्या त्याची खूण काचेवर चिकटपट्टीने करून ठेवा. जाळी आणि काच यांच्यामधली रबरपट्टी आखडली असेल तर तीही बदलून घ्या.

आता प्लगकडे. सध्याच्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर त्याला ठिणगीची वीज देणारी स्वतंत्र कॉइल असते आणि प्लग एका खोल खड्ड्यात बसलेला असतो. वरून सांडलेलं पाणी कॉइलच्या रबरापाशी अडतं. रबर जुनं असेल तर आत उतरतं आणि तिथेच राहतं. गाडी गरम झाली की त्याची वाफ होते, मिसिंग कमी होतं, थंड झाली की वाफेचं पुन्हा पाणी. म्हणून सकाळी त्रास आणि दुपारी सगळं ठीक.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कॉइलचा कपलर सोडवा. त्याच्या कुलपाची जीभ दाबून, वायर न ओढता. बहुतेक गाड्यांत कॉइलला १० ची गोटी (सॉकेट पाना) लागते. कॉइल जरा डावी-उजवीकडे फिरवून वर ओढा. प्रत्येकीवर मार्करने नंबर टाका. खड्ड्यात टॉर्च मारून बघा: पाणी, तांबूस गंज, पांढरट मिठाचा थर, की तेल? तेल असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग गेलंय, ते वेगळं काम. पाणी किंवा माती असेल तर प्लग काढायच्या आधी ती बाहेर काढा. पंक्चरवाल्याकडे हवा मारून घेतली तर उत्तम, नाहीतर तारेला सुती कापड गुंडाळून. प्लग आधी काढलात तर तो सगळा गाळ सिलिंडरमध्ये जाईल.

प्लग इंजिन थंड असतानाच काढा, वरचं हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना आटे निघून येतात. नव्या गाड्यांना बहुधा १६ ची, जुन्यांना २१ ची प्लगची गोटी लागते. प्लगचं टोक फिकट बिस्किटी रंगाचं असेल तर तो सिलिंडर नीट जळतोय. काळा, कोरडा, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी पडतच नाही. तेलकट काळा असेल तर इंजिन तेल खातंय. पांढराफटक असेल तर हवा जास्त. एकटाच प्लग वेगळा दिसला तर त्या सिलिंडरचा प्रश्न; सगळे सारखेच काळे असतील तर सगळ्यांना सामाईक कारण शोधा.

पण खरी नजर टाकायची ती पोर्सेलीनच्या पांढऱ्या भागावर आणि कॉइलच्या रबराच्या आतल्या बाजूला. तिथे पेन्सिलने ओढल्याइतकी बारीक काळी रेष दिसली, तर ठिणगीने खाली जायची वाट सोडून बाजूने पळवाट काढली आहे. ओलाव्याने ती वाट एकदा पडली की पुढे कोरड्यातही वीज त्याच वाटेने पळते. इथेच नवे प्लग टाकूनही दुखणं परतण्याचं गूढ सुटतं. प्लग बदलला पण रेघ पडलेलं रबर तेच ठेवलं, तर नव्या पोर्सेलीनवरही काही दिवसांत रेघ उमटते. प्लग आणि रबर दोन्ही एकदम बदलायचे. काही कॉइलचं रबर सुटं मिळतं, काहींची पूर्ण कॉइल घ्यावी लागते.

कॉइलच्या आतली स्प्रिंग गंजली असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करा. इरिडियमच्या प्लगला मात्र तारेचा ब्रश लावू नका, त्याचं टोक सुईइतकं बारीक असतं. प्लगच्या टोकांमधला गॅप मॅन्युअलमध्ये दिलेलाच ठेवा. प्लग परत लावताना सुरुवातीचे आटे हातानेच फिरवा. पान्याने सुरू केलात आणि तो तिरका गेला तर हेड उतरवावं लागतं. रबराच्या आतल्या कडेला सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस बोटाने अगदी पातळ लावा. ते ओलावा अडवतं आणि पुढच्या वेळी कॉइल चिकटत नाही. बेअरिंगचं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं.

कोणती कॉइल मेली ते ओळखायला सोपी अदलाबदल आहे. दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा, गाडी चालू करा. मिसिंग दोनवरून तीनवर गेलं तर कॉइल वाईट. दोनवरच राहिलं तर आता प्लगची अदलाबदल. तरीही दोनवरच राहिलं तर इंजेक्टर (सिलिंडरला पेट्रोल फवारणारा), वायरिंग किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). एका वेळी एकच गोष्ट बदला. स्कॅनर नसेल तर चालू गाडीवर एकेका इंजेक्टरचा कपलर काढून बघा: चांगल्या सिलिंडरचा काढला की इंजिन आणखी अडखळतं, मेलेल्याचा काढला तर काहीच फरक पडत नाही. जुन्या गाड्यांमध्ये प्लगच्या जाड वायरी काढून हीच परीक्षा घेतात, पण तिथे झटका जोराचा बसतो. त्या वायरींची परीक्षा काळोखात घ्यावी. अमावास्येच्या आसपास अंगणातला दिवा मालवा, इंजिन चालू करा, फवाऱ्याने वायरींवर पाण्याचा अगदी बारीक तुषार मारा. वायर फुटली असेल तर निळी ठिणगी चमकताना स्पष्ट दिसते. हात मात्र लांब.

अर्थिंग आणि कपलर

समुद्राकडून वारा येतो तेव्हा काचेवर चिकट खारा थर बसतो, तो बॉनेटखालीही बसतोच. तांब्याच्या वायरीला कळंक चढतो, बोल्टखालच्या पत्र्याला गंज. नुसतं बघून कळत नाही, कारण गंज वॉशरच्या खाली असतो आणि वरून सगळं घट्ट दिसतं.

फुकट परीक्षा अशी: बॅटरी जंप करायची केबल असेल तर तिची एक चिमटी बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला लावा. पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब. थरथर कमी झाली, दिवे उजळले, तर अर्थिंग खराब आहे. मल्टिमीटर असेल तर इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर, एसी सगळं लावून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं इंजिनवर धरा. ०.१ व्होल्टच्या आत हवं. ०.३ वगैरे दिसलं तर बोल्ट सोडवा. बॅटरी ते बॉडी, बॉडी ते इंजिन किंवा गिअरबॉक्स, असे दोन-तीन सांधे असतात. निगेटिव्ह आधी काढून, पत्रा आणि वायरीचं टोक दोन्ही चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा, आणि मग वरून व्हॅसलीन लावा. बॅटरीच्या खुंटीवरची पांढरी-हिरवी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन निघते. चालू इंजिनवर बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. काही नव्या गाड्या जाणूनबुजून चार्जिंग कमी-जास्त करतात, तेवढं ध्यानात ठेवा.

चिपळुणात २२ जुलै २०२१च्या पुरात बुडालेल्या गाड्या नंतर धुऊन-पुसून चालू झाल्या आणि त्यातल्या काही पुढे विकल्याही गेल्या असणार. सेकंडहँड गाडीचे कपलर आतून हिरवे दिसले, सीटच्या रुळांवर गाळाची बारीक पूड दिसली, तर थरथरीचं कारण एका जागी सापडणार नाही. एकेक कपलर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा लागेल.

उंदरांबद्दल एवढंच: पावसात त्यांना बॉनेटखालची ऊब आवडते. इंजेक्टरच्या वायरी, ऑक्सिजन सेन्सरची वायर आणि व्हॅक्यूमचे बारीक पाइप हे त्यांचे नेहमीचे बळी. एअर फिल्टरचा डबाही उघडून बघा. काथ्या आणि सुक्या पानांचं घरटं तिथे सापडलं तर नवल मानू नका. वायर जोडताना नुसती पिळून टेप लावली तर एका पावसाळ्यात पुन्हा कळंक. सोल्डरचा डाग देऊन वर हीट श्रिंक नळी बसवा.

हवेची गळती

थ्रॉटलच्या पुढे इंजिनात चोरून हवा शिरली की आयडल बिघडतं. रेस दिल्यावर एकूण हवाच इतकी जास्त असते की ही चोरटी हवा नगण्य ठरते, म्हणून चालताना गाडी ठीक वाटते. ज्या गाड्यांत हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असतो, तिथे पी०१७१ येतो, आणि फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटरने पेट्रोलमध्ये केलेली कमी-जास्त) आयडलवर +१५-२० टक्के आणि अडीच हजार आरपीएमवर जवळजवळ शून्य, असा नमुना दिसतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या मात्र मॅप सेन्सरवर चालतात. तिथे चोरटी हवाही सेन्सरला दिसते, तिच्या हिशेबाने पेट्रोलही मिळतं, आणि कोड न येता आयडल नुसतं वर चढतं किंवा झुलतं. "स्कॅनरमध्ये काही नाही, म्हणजे गळती नाही" हे म्हणूनच खरं नव्हे.

आधी कान लावा. शिट्टी किंवा सूं असा आवाज येतो का? मग ब्रेक बूस्टरचा जाड पाइप पक्कडीला कापड गुंडाळून क्षणभर दाबा. आयडल सुधारलं तर बूस्टर किंवा त्याचा पाइप. असंच पीसीव्हीच्या, म्हणजे व्हॉल्व्ह कव्हरवरून मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांकडे) जाणाऱ्या पाइपचं. हा पाइप खालच्या बाजूने, वळणावर फुटतो, वरून बघून कळत नाही. हात फिरवा. पीसीव्हीचा व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवा. खुळखुळला तर बरा, मुका राहिला तर चिकटलाय. घर ते बाजारपेठ एवढंच चालणाऱ्या गाडीत इंजिन पुरतं गरमच होत नाही, ओलावा आत साठतो, तेलाच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर धरतो आणि तोच या व्हॉल्व्हमध्ये अडकतो. तो थर दिसला की लोक हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरतात. कूलंट कमी होत नसेल आणि डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ असेल, तर आधी गाडी महामार्गावर हातखंब्यापर्यंत नेऊन आणा, चांगली गरम होऊ द्या, मग बघा.

गळती शोधायला साध्या पाण्याचा फवारा मॅनिफोल्डच्या सांध्यांवर आणि पाइपच्या टोकांवर थोडा थोडा मारा, कॉइल आणि कपलर सोडून. पाणी भेगेत ओढलं गेलं की क्षणभर आवाज बदलतो. कार्ब क्लीनर मारून हीच परीक्षा जलद होते, पण तो पेट घेतो. तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर उडाला तर अंगणात होळी. मी पाण्यावरच भागवतो.

आणखी एक चोर दरवाजा: टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह. पेट्रोल भरल्या भरल्या गाडी चालू व्हायला त्रास देते आणि मग थरथरते, तर हाच. गरम इंजिन आयडलवर असताना कॅनिस्टरकडून (टाकीतली वाफ साठवणाऱ्या डब्याकडून) येणारा पाइप व्हॉल्व्हवरून काढा आणि व्हॉल्व्हच्या त्या टोकावर बोट ठेवा. मधूनमधून हलकी ओढ लागली तर ते त्याचं कामच आहे. सलग, जोराची ओढ लागत असेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय.

थ्रॉटल बॉडी

वरचं सगळं ठीक निघालं आणि काटा झुलतोच आहे, तर मग थ्रॉटल बॉडी. हवेचा पाइप काढल्यावर गोल पाकळी दिसते, तिच्या कडेला काळा चिकट थर असतो. आयडलवर हवा त्या कडेच्या फटीतूनच जाते. थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर मारून पुसा. वायरने चालणाऱ्या थ्रॉटलची पाकळी हाताने उघडून पुसता येते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी चावी चालू असताना ढकलू नका, बोटही चिमटतं आणि गिअरही तुटतो. जुन्या गाड्यांत बाजूला आयडल व्हॉल्व्ह असतो, त्याचं टोकही साफ करा.

साफ केल्यावर आयडल उलट वाढलेलं दिसेल. इंजिनच्या कॉम्प्युटरने घाणीसकट फटीचा हिशेब मांडलेला असतो, तो त्याला नव्याने शिकू द्यावा लागतो. बऱ्याच गाड्यांत बॅटरी काही मिनिटं काढून लावायची, मग सगळे लोड बंद ठेवून गाडी गरम होईपर्यंत रेसला हात न लावता चालू ठेवायची. काहींना स्कॅनरने शिकवावं लागतं. मुंबईला परतताना बॅटरीची वायर काढून ठेवणाऱ्यांना गणपतीत आल्यावर पहिल्या दिवशी आयडल वेडंवाकडं मिळतं, त्याचंही कारण हेच. थोडी चालवा, बसतं.

उभी गाडी, जुनं पेट्रोल

शिमग्याला आणून ठेवलेली गाडी गणपतीत काढली, आणि आयडलपासून चढापर्यंत सगळीकडेच अडखळते, तर पेट्रोलवर संशय घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि अर्धी रिकामी टाकी कोकणच्या पावसाळ्यात चार महिने श्वास घेत राहते. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप तळाचंच उचलतो. थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बरणीत घेऊन तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी गॅरेजमध्ये रिकामी करून घ्या. घरी नळीने ओढत बसू नका. गाडी दीर्घकाळ ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आत हवेला जागाच कमी.

सीएनजीवरच थरथरते?

पेट्रोलवर मऊ आणि सीएनजीवर थरथर, तर आधी ठिणगी तपासा. गॅसला पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे दमलेली कॉइल किंवा रुंदावलेला प्लग गॅप तिथे आधी उघडा पडतो. एअर फिल्टरही बघा. चिरेखाणींच्या रस्त्यावर रोज ये-जा असेल तर जांभ्याची लाल धूळ तो ठरल्या किलोमीटरांच्या कितीतरी आधी बुजवते. हे दोन्ही ठीक असतील तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर, इंजेक्टर: ते काम सीएनजीच्या माणसाचं. दोन्ही इंधनांवर, आणि गरम झाल्यावर जास्त थरथरत असेल, तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बघून घ्या. गॅसवर खूप चाललेल्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत जातात, त्यांची फट संपते, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं.

गॅरेजला जायची वेळ

ठिणगी, अर्थिंग, हवा, पेट्रोल सगळं बघून झालं आणि एकच सिलिंडर मेलेला राहिला, तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा गाडीप्रमाणे बदलतो. महत्त्वाचं असतं ते सिलिंडरांमधलं अंतर. एखादा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून कमी असेल तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा हेड गॅस्केट. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह. इंजेक्टर आणि टायमिंग चेनचं कामही घरी करण्यातलं नव्हे.

जाताना वहीतलं पान फाडून मेकॅनिकला द्या: कोणता सिलिंडर, कधी, कुठल्या हवेत, काय काय अदलाबदल करून पाहिली. काढलेले जुने प्लगही सिलिंडरचे नंबर टाकून, कागदात गुंडाळून सोबत न्या. ते फेकून दिलेत तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल आणि तेवढी मजुरी तुमच्याच बिलात लागेल.